आर्य मदिरा मंडळाच्या पलीकडे

तळीराम ठाऊक नाही असा मराठी वाचक सापडणे कठीण. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ साली, 'एकच प्याला' रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून दारूबाजाला मराठी भाषेत एक कायमचे नाव मिळाले. त्या नाटकात तळीरामाने 'आर्य मदिरा मंडळ' काढले आहे. नाटकातला विनोद म्हणून आपण ते ऐकतो, हसतो आणि पुढच्या प्रवेशाकडे वळतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्या मंडळापाशी थोडे थांबावे असे मला वाटते. त्या संपूर्ण नाटकात पिणाऱ्यांना मंडळ आहे, सोबत आहे, एकमेकांची भाषा समजणारे सभासद आहेत. आणि ज्याला प्यायचे नाही, निदान सोडायचे आहे, त्याच्यासाठी काय आहे? त्याच्यासाठी सिंधूचे अश्रू आहेत आणि रामलालचा उपदेश आहे. सुधाकर एकदा दारू सोडण्याचा निश्चय करतो, नोकरी मागायला प्रतिष्ठितांच्या दारी जातो, आणि तेथे त्याची जी संभावना होते तिने तो पुन्हा प्याल्याकडे लोटला जातो. सिंधू पतिव्रता आहे, रामलाल सज्जन आहे. पण दोघांपैकी कोणीही सुधाकराला असे म्हणू शकत नाही की, बाबा रे, मीही येथूनच गेलो आहे.

दारू सोडू पाहणाऱ्यांचे मंडळ ही कल्पना गडकऱ्यांच्या काळी आपल्याकडे नव्हती. ती कोठून आली, येथे कशी पोचली आणि आमच्या या छत्रपती संभाजीनगरात एखाद्याला तिचा शोध कसा लागतो, हे सांगावे म्हणून हा लेख.

नाटक रंगभूमीवर आल्यानंतर सोळा वर्षांनी, १९३५ च्या मे महिन्यात, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल उतरला होता. धंद्याचे ज्या कामासाठी आला ते फसले होते. खिशात पैसे फारसे नव्हते. दारू सोडून जेमतेम पाच-सहा महिने झालेले. हॉटेलच्या दालनात एका बाजूने मद्यगृहातला हास्यविनोद ऐकू येत होता आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता. टेलिफोनपाशी गावातल्या चर्चांची यादी लावलेली होती. विल्सनने टेलिफोन उचलला. त्याला पाद्र्याचा उपदेश नको होता, त्याला आपल्यासारखाच दुसरा एक दारूडा हवा होता. यादीतल्या एका पाद्र्यापासून हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत धागा गेला आणि बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्याशी घालून दिली. डॉक्टर येताना पंधरा मिनिटांची मुदत घालून आले होते. ते सहा तासांच्या वर बसले. कारण सोपे होते. बायको, मित्र, धर्मगुरू असे पुष्कळ जण त्यांना आजवर दारूविषयी बोलले होते. पण दारू पिणारा माणूस स्वतःच्या पिण्याविषयी बोलतो आहे, आणि समोरच्याला सुधारायला नव्हे तर स्वतः तगून राहायला बोलतो आहे, हे त्यांनी प्रथमच ऐकले.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे, पुढे तिचा उपयोग होणार आहे. या भेटीनंतर डॉ. बॉब एकदम सुटले नाहीत. जून महिन्यात ते वैद्यकीय अधिवेशनासाठी अटलांटिक सिटीला गेले आणि पुन्हा भरपूर प्यायले. परत आल्यावर त्यांनी जो शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला. आणि त्याच तारखेला 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या चळवळीचा जन्मदिवस मानतात. आधी एका संस्थापकाचे घसरणे आणि मग संस्थेचा जन्म, असा क्रम जगातल्या फारशा संस्थांच्या वाट्याला आला नसावा.

१९३९ साली या मंडळींनी आपल्या अनुभवांचे पुस्तक छापले. त्यावेळी ते सारे मिळून सुमारे शंभर होते. १९४१ च्या मार्चमध्ये तिकडच्या एका लोकप्रिय साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर या पत्रकाराचा लेख आला आणि दोन हजारांचे वर्षअखेर आठ हजार झाले. तत्पूर्वी, १९३८ साली, ते धनाढ्य रॉकफेलरकडेही गेले होते. त्याने पाच हजार डॉलर दिले आणि अधिक पैशाने तुमचे काम बिघडेल असे सांगून हात आखडता घेतला. या चिक्कूपणाचे चळवळीवर उपकार झाले असे म्हणावे लागेल. पुढे त्यांनी नियमच केला की बाहेरच्या कोणाची देणगी घ्यायची नाही. सभेत जे बसले आहेत त्यांनीच आपल्या चहाचा आणि भाड्याचा खर्च भागवायचा.

हे नियम म्हणजे त्यांच्या बारा 'परंपरा', ज्या १९५० साली क्लीव्हलँडच्या अधिवेशनात मान्य झाल्या. त्या एखाद्या पंडिताने खोलीत बसून लिहिल्यासारख्या नाहीत. जुन्या पडझडीचा धडा त्यांत आहे. १८४० च्या एप्रिलमध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पियक्कडांनी मिळून दारू सोडण्याची शपथ घेतली आणि 'वॉशिंग्टोनियन' नावाची सभा काढली. दारू सोडलेल्याने उभे राहून आपली कहाणी सांगायची, हाच तिचाही कार्यक्रम. दोन-तीन वर्षांत ती लाखांच्या संख्येने फोफावली. १८४२ च्या फेब्रुवारीत स्प्रिंगफील्डला तिच्यापुढे भाषण करायला उभे राहिलेले तरुण वकील म्हणजे अब्राहम लिंकन. आणि सुधारलेला दारूडाच दुसऱ्या दारूड्याला अधिक पटेल असे बोलू शकतो, हे त्यांनी तेव्हाच सांगितले होते. पण ती चळवळ लवकरच विरली. दारूबंदीच्या कायद्याचे राजकारण तीत शिरले, गुलामगिरीचे वाद शिरले, व्यासपीठावरच्या वक्त्यांना टाळ्यांची चटक लागली. म्हणून शंभर वर्षांनी आलेल्या मंडळींनी ठरवले की कोणत्याही बाहेरच्या प्रश्नावर आपले मत द्यायचे नाही, दारूबंदीवरसुद्धा नाही. आणि वर्तमानपत्रांत कोणी आपले नाव किंवा छायाचित्र द्यायचे नाही. नाव नसणे ही त्यांची लाज झाकण्याची युक्ती असेल असे प्रथम वाटते. ती तशी आहेही. पण त्याहून अधिक ती वॉशिंग्टोनियनांच्या वक्त्यांपासून घेतलेली सावधगिरी आहे.

आता आपल्याकडे वळू. दारूविषयी या शहराचा पूर्वेतिहास मोठा विनोदी आहे. ज्या बादशहाच्या नावाने हे शहर २०२३ पर्यंत ओळखले जाई, त्या औरंगजेबाने तख्तावर पक्के बसताच, १६५९ साली, दारू आणि तत्सम व्यसनांवर नजर ठेवण्यासाठी मुहतसिब नेमले. मनूची हा इटालियन प्रवासी सांगतो की, सबंध हिंदुस्थानात न पिणारे दोघेच, एक मी आणि दुसरा माझा मुख्य काझी, असे बादशहा एकदा वैतागून म्हणाला. आणि लगेच मनूची भर घालतो की काझीच्या बाबतीत बादशहाची फसवणूक झाली होती, कारण त्याची रोजची बाटली मीच पोचवीत असे! मनूची हा थापेबाज म्हणून प्रसिद्ध आहे, तेव्हा वाचकांनी यातले हवे तेवढेच घ्यावे. तथापि मुहतसिबाचा पुढे किती उपयोग झाला हे कळण्यास मनूची खरा असण्याचीही गरज नाही.

त्याहून जुना वारसा शहराच्या उत्तरेच्या डोंगरात आहे. मकबऱ्याच्या मागल्या बाजूस, विद्यापीठाच्या अंगाने चढत गेले की बौद्ध लेणी लागतात. वेरूळची पहिली बारा लेणीही बौद्धांचीच. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी वेषातल्या मद्यपींचे चित्र कसे आले यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला त्या चित्रापेक्षा त्याच्याखाली बसणाऱ्या भिक्षूंचे कुतूहल अधिक. विनयपिटकात मद्यपानाच्या निषेधाची जी कथा आहे ती सागत नावाच्या स्थविराची. त्याने एका भयंकर नागाला आपल्या तेजाने जिंकले. कौतुकाने कोसंबीच्या उपासकांनी घरोघरी त्याला मद्य पाजले आणि तो नगरद्वारीच कोसळला. नागाला जिंकणारा आता पाणसापालाही जिंकू शकेल का, असा बुद्धाचा प्रश्न आहे. दारूच्या दुर्गुणांची यादी देण्याऐवजी ही कथा एका कर्तृत्ववान माणसाचे कोसळणे दाखवते.

आणि त्याच विनयात उपोसथ आहे. दर पंधरा दिवसांनी संघाने एकत्र बसायचे, नियम म्हटले जायचे, आणि ज्याच्याकडून काही घडले असेल त्याने ते दडवून ठेवायचे नाही. वर्षावास संपला की पवारणा. तेव्हा प्रत्येकाने इतरांना विनवायचे की माझे काही चुकलेले पाहिले असेल तर सांगा. या आमच्या डोंगरातल्या विहारांतही हे होतच असणार. अ‍ॅक्रनच्या मंडळींना उपोसथ ठाऊक होता असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या पद्धतीचे मूळ 'ऑक्सफर्ड ग्रुप' या ख्रिस्ती मंडळींत आहे आणि त्यांच्या बारा पायऱ्यांतली पाचवी पायरी, आपले दोष दुसऱ्या माणसाजवळ बोलण्याची, तेथूनच आली. पण गोल करून बसावे आणि स्वतःचे खरे बोलावे ही रीत या मातीला अगदीच परकी आहे असे कोणी म्हणू नये.

मात्र नंतरच्या काळात आपल्याकडे दारू सोडण्याचा जो मार्ग रूढ झाला तो बैठकीचा नव्हे, शपथेचा. पैठण आणि आपेगाव याच जिल्ह्यातले; येथे माळ घालणे म्हणजे काय हे सांगायला नको. पंढरीची माळ गळ्यात पडली की मांस आणि मद्य दोन्ही सुटले. किती संसार त्या तुळशीच्या मण्यांनी सावरले असतील याची गणती नाही. गाडगे महाराजांचे वडील दारूपायी गेले. पोराने मोठेपणी मुलीच्या बारशाला दारू-मटणाचा रिवाज मोडून गोड जेवण घातले आणि पुढे आयुष्यभर कीर्तनांतून दारूवर खराटा चालवला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि ज्या मराठवाड्यात त्यांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले तेथल्या वस्त्यांतून ती अनेकांनी प्राणपणाने पाळली. शपथेची ताकद मी कमी लेखत नाही. पण शपथ मोडणाऱ्याचे काय, हा प्रश्न ती घेताना कोणी विचारत नाही. माळ उतरवून ठेवलेला माणूस कीर्तनाला मागे, खांबाआड बसतो. मग येईनासा होतो. व्यसनाचा स्वभाव असा की बहुतेकांची पहिली शपथ मोडतेच. ज्याची मोडली त्याच्यासाठी बसायला जागा ठेवणारी रीत आपल्याकडे दुर्मीळ होती.

तिसरा मार्ग सरकारचा. येथे इतिहासाची कागदपत्रे विपुल आहेत, कारण दारूने तिजोरी भरते. निजामाच्या राज्यात अबकारी हे उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. मोहाची दारू आणि शिंदी यांचे मक्ते लिलावाने जात. आजही मराठवाड्यात कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. गुत्ता म्हणजे मूळचा मक्ताच, आणि दारूच्या मक्त्याचे दुकान तो दारूचा गुत्ता. एका शब्दात सारी अर्थव्यवस्था आली! इंग्रजी मुलखातही निराळे नव्हते. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी वाढत्या दारूदुकानांविरुद्ध पत्र लिहिले. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले. आमच्याकडे १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात जंगल सत्याग्रह आणि करोडगिरी नाक्यांबरोबर शिंदीची झाडे तोडण्याचाही कार्यक्रम होता. तो घाव निजामाच्या तिजोरीवर होता. पिणाऱ्याच्या गळ्याशी त्याचा संबंध ओघाने आला.

मुंबई शहरात खेर मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ ला दारूबंदी केली होती, ती टिकली नाही. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण बंदी झाली. मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिकात गेला आणि १९५९ च्या कायद्याने ही बंदी इकडेही पसरली. साठीच्या दशकाच्या मध्यापासून ती सैल होत गेली. कायदा अजून जिवंत आहे. 'परमिट रूम' हा शब्द त्याचाच वंशज, आणि आजही महाराष्ट्रात कायद्याच्या दृष्टीने पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, हे पिणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते कोण जाणे. वर्धा, १९९३ पासून गडचिरोली, आणि २०१५ ते २०२१ पर्यंत चंद्रपूर, अशी जिल्ह्यांची बंदी. गावोगावच्या बायांनी मतदानाने आडवी केलेली बाटली. हा सगळा मोठा, लढाऊ इतिहास आहे आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. गुत्ता बंद झाला की गावातली मारहाण कमी होते हे त्या बाया स्वानुभवाने सांगतात आणि त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण दिसत नाही.

परंतु एका योगायोगाकडे लक्ष वेधल्यावाचून राहवत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा मुंबईत सुरू झाली ती १९५७ साली. म्हणजे ज्या शहरात कायद्याने दारूचा थेंब नव्हता, त्याच शहरात दारू सुटत नाही म्हणून माणसे एकत्र बसू लागली होती! बंदीच्या यशापयशावर यापेक्षा नेमके भाष्य मला तरी कोठल्या अहवालात आढळले नाही. पुढे १९८१ साली वांद्र्याला फादर जो परेरा यांनी 'कृपा' सुरू केली. पुण्यात गर्दच्या साथीने तरुण पोरे गिळायला आरंभ केला तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिले. आणि लिहून न थांबता डॉ. अनिता अवचट आणि ते, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' उघडून बसले. बरे झालेल्यांनाच कामाला घ्यायचे आणि घरच्या बायकांचाही वेगळा गट करायचा, हे तेथले विशेष. मराठीत व्यसनमुक्तीची भाषा घडवण्याचे श्रेय त्या घराकडे जाते. 'व्यसनी' या शिवीचा त्यांनी 'रुग्णमित्र' केला, ही भाषिक कामगिरीही लहान नाही.

आमच्या शहराची गोष्ट जरा वेगळी. येथे वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत वाहने होतात, तशी बिअरही होते, आणि ती भरपूर होते. २०१६ च्या दुष्काळात माणसांना टँकरचे पाणी आणि बिअरला धरणाचे, यावरून एवढे रान उठले की उच्च न्यायालयाच्या येथल्या खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचे पाणी ६० टक्क्यांपर्यंत कापण्याचा आदेश दिला होता. कारखान्यांची रांग, तीन पाळ्या, पाळी सुटण्याच्या वेळी उघडी असलेली दुकाने, असा तो प्रदेश आहे.

माझा एक आतेभाऊ, माझ्याहून बराच धाकटा, त्याच बाजूच्या एका कारखान्यात आहे. त्याच्या बायकोने एकदा मला विचारले, "दादा, तुम्ही एवढ्या सनावळ्या सांगता. यांची दारू सुटायची जागा कुठंय, ते सांगा ना." मला अबकारीच्या लिलावाचे नियम ठाऊक होते, मुहतसिब ठाऊक होते. ती जागा मात्र शोधावी लागली. पहिल्यांदा आम्ही डॉक्टरकडे गेलो आणि ते योग्यच झाले. कारण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर हातपाय थरथरणे, भास होणे, झटके येणे, प्रसंगी जिवावर बेतणे, असे होऊ शकते. ते पहिले आठ-दहा दिवस औषधपाण्याचे असतात, तेथे सभा कामाची नाही. त्यासाठी घाटीसारखे सरकारी रुग्णालयही आहे. प्रश्न असतो तो अकराव्या दिवसाचा. त्याचे उत्तर आम्हाला मिळाले एका औषधाच्या दुकानात. चिठ्ठी पाहून दुकानदाराने माझ्याकडे पाहिले, आतेभावाकडे पाहिले, आणि बिलाच्या पाठीवर वार, वेळ, एका शाळेचे नाव आणि 'वरचा मजला' एवढे लिहून दिले. खाली लिहिले, 'खुली सभा, घरच्यांनी आले तरी चालेल.' तो स्वतः तेथला अकरा वर्षांचा जुना सभासद होता हे नंतर कळले. आता १४४४६ हा सरकारचा राष्ट्रीय क्रमांक आहे, फोनवरही पत्ता मिळतो. पण बिलाच्या पाठीवरचा पत्ता तेवढाच खात्रीचा.

तेथे काय ऐकले ते मी लिहिणार नाही. तेथले तेथेच ठेवायचे, असा त्यांचा दंडक आहे आणि पाहुण्याने तो पाळावा. दिसले तेवढे सांगतो. तिसरी-चौथीचा वर्ग, भिंतीवर पाढे, बुटकी बाके आणि त्यांत गुडघे दुमडून बसलेली पंधरा-वीस मोठी माणसे. कोणाला वर्गणी नाही, हजेरीपट नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही. दारू सोडावीशी वाटते एवढीच प्रवेशाची अट. एक जण वाचतो, मग एकेक उठून बोलतो, आणि बोलणाऱ्याला मध्ये कोणी अडवत नाही, सल्लाही देत नाही. मराठी सभेत हे घडते यावर माझा काही वेळ विश्वास बसेना. मग एक कापडी पिशवी फिरते, ज्याने त्याने मूठ झाकून तीत घालायचे. पाहुण्यांना घालू देत नाहीत. ईश्वराचे नाव येते, पण तो ज्याला जसा कळला तसा, अशी मोकळीक आहे. नास्तिकांना तीही पुरत नाही अशी तक्रार जगभर आहे आणि ती खोटी नाही. त्या दिवशी सभासदांत बाई एकही नव्हती. बायका पीत नाहीत असा याचा अर्थ नव्हे. त्यांना त्या बाकापर्यंत पोचणे अधिक अवघड आहे असा आहे. उपाय म्हणून ही सभा कितपत चालते, असे कोणी विचारील. २०२० साली २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसे यांचा एकत्र आढावा निघाला. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर मान्य उपचारांच्या बरोबरीने, काही ठिकाणी सरस ठरली.

आतेभाऊ तीन आठवडे गप्प बसून राहिला. चौथ्या आठवड्यात दोन वाक्ये बोलला. चार महिने बरे गेले आणि दसऱ्याच्या बोनसाला तो घसरला. घरात पुन्हा तेच. मग तो सभेला जाईना. कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणे. दहाव्या दिवशी संध्याकाळी सभेतले दोघे घरी आले. ओरडतील म्हणून बायको दाराआड उभी. त्यांनी चहा घेतला, पावसाचे विचारले, एकाने स्वतः तीनदा कसा घसरलो ते सांगितले, आणि जाताना म्हणाले, "रविवारी खुर्ची मोकळी आहे." डॉ. बॉबचे अटलांटिक सिटी मला तेव्हा आठवले. तो रविवारी गेला. या गोष्टीला आता दोन वर्षे होतील. पुढचे कोणी सांगू नये. तोही आजच्या दिवसापुरतेच सांगतो. त्याची बायको महिन्यातून एकदा खुल्या सभेला जाते. तिला मी विचारले, तुला तिथे काय मिळते? ती म्हणाली, "दादा, इतकी वर्षं मला वाटायचं, हे फक्त माझ्याच घरात आहे."

इतिहासकाराची मात्र या सभेने पंचाईत केली आहे. पिणाऱ्यांचा इतिहास दफ्तरांत आहे: मक्तेदारांची नावे, लिलावाच्या रकमा, दंड, परवाने. सोडणाऱ्यांचा इतिहास कोठेच नाही, कारण तो लिहून ठेवायचा नाही अशीच त्यांची रीत. आमच्या शहरात ही विशिष्ट सभा केव्हा सुरू झाली हे मी त्या औषधवाल्यास विचारले. सन त्याला सांगता येईना. तो आठवू लागला: त्या वर्गाची किल्ली आज ज्याच्याकडे आहे त्याला ती एका रिक्षावाल्याकडून मिळाली, त्याला एका मास्तरांकडून, आणि मास्तरांच्या आधी ती लष्करातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थाकडे असे, तो छावणीतून सायकलवर येई आणि सभेच्या अर्धा तास आधी येऊन बाके पुसून ठेवी. त्याच्या मागे कोण, ते या औषधवाल्याने पाहिलेले नव्हते.